घड्याळवाल्याच्या माडीवरचे रविवार

आमच्या घरात रविवार शनिवारी दुपारीच लागायचा. आय पीठ, अंडी आणि नारळाचं दूध ताडी घालून कालवायची आणि तो टोप फडक्यानं झाकून चुलीच्या उबेला ठेवून द्यायची. सकाळी देवळातून परत आलो की त्या पिठाचे फुगे तळायचे. आम्ही ख्रिस्ती, पण बाळकुमात आमची माणसं चर्चला देऊळच म्हणत, आणि पाद्रीबाबा सोडले तर आमचं बाकी सगळं शेजारच्या आगरी-कोळ्यांसारखंच होतं: बोली तीच, लुगडं तेच, बांधावरून भांडणंही तीच. बा मचवे दुरुस्त करणारा सुतार. शनिवारी तिन्हीसांजेला तो रंध्याचं पातं तेल लावून गुंडाळून ठेवी, मग खुंटीवरचं घुमट काढी. मातीचं ते मडकं, एका तोंडाला कातडं ताणलेलं. बोटांनी दोन थापा मारून, कान लावून, पुन्हा टांगून ठेवी. वाजवत नसे. घुमट लग्नाचं वाद्य, आणि गावात रोज लग्न नसतं. थोरली बहीण रोझा चौघांचे कपडे खळीत बुडवून दोरीवर टाकी आणि त्यांच्यामागे उभी राहून गाणी म्हणे, म्हणजे आयला वाटावं पोर कामात आहे.

मी सात वर्षांचा असताना मास्तरांनी माझ्या हातात फिडल दिलं. मास्तर म्हणजे देवळातल्या गायनाचे आणि गावच्या बँडचे प्रमुख, गोव्याहून आलेले, अंगानं काटकुळे. स्वर चुकला की ते फिडलच्या गजानंच टाळूवर टपली मारत आणि लगेच तोच गज पुसून परत हातात देत. त्या टपल्या मी तेरा वर्षं खाल्ल्या. रविवारी आम्ही दहा-बारा जण देवळाच्या मागच्या माडीवर असायचो, खाली सगळं गाव. तिथून कुणाच्या टकलावर नवी माशी बसली, कुणाची सून कुणाच्या सुनेशेजारी बसली नाही, सगळं दिसे. प्रार्थना संपली की अंगणात चिंचेखाली तासभर गलका. मासळी कशी आहे, मिठाला दर काय, कल्याणच्या बाजारात काय आलं. ते झालं की घरोघर तळणीचा वास. आज इतक्या वर्षांनी कुणी मला स्वर्गाविषयी विचारलं तर मला तो चिंचेखालचा तास आठवतो. माझी स्वर्गाची सगळी माहिती तिथंच संपते.

माझा देव केव्हा गेला हे मात्र नेमकं सांगता येणार नाही. दुधाचा दात पडतो तसं झालं. बरेच दिवस हलत होता, मग एकदा जीभ लावून पाहिली तर जागा रिकामी. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि ठाण्याच्या कोर्टात नक्कलनवीस. दिवसभर साक्षीदारांच्या जबान्या उतरवून काढायच्या. देवाला स्मरून खरं सांगेन असं म्हणून माणसं किती शांतपणे खोटं बोलतात, हे मी माझ्याच अक्षरात शेकडो वेळा लिहिलं होतं. पण तेच कारण झालं असं म्हटलं तर तीही एक खोटी जबानीच होईल. एका रविवारी माडीवर सगळे गुडघे टेकून मान खाली घालून बसले होते. घंटी वाजली, आणि मला कळलं की मी मनातल्या मनात कुणाशीच बोलत नाहीये. भीती वाटली नाही. भूक लागली होती आणि घरी फुगे होते.

वर्षभर मी हे पोटात ठेवलं. मग ईस्टर आला. ईस्टरच्या आधी प्रत्येकानं पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून आपली पापं कबूल करायची, त्याला कुमसार म्हणत. कुमसार झालं की चिठी मिळे, आणि माडीवर वाजवणाऱ्यांनी ती मास्तरांना द्यायची. मी गेलो नाही. पापांची मला लाज नव्हती, ती बेताचीच होती. पण ज्याला ती सांगायची तो ऐकतोय असं वाटत नसताना गुडघे टेकायचे, हे जमेना.

"तुझी चिठी?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, मास्तर."

"हरवली?"

"घेतलीच नाही."

त्यांनी हातातला गज खाली ठेवला. त्या दिवशी टपली मारली असती तर बरं झालं असतं. "मग खाली उतर," ते म्हणाले.

आय चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पाचव्या दिवशी बोलली आणि रडली. बा रंधा मारत राहिला. तो लाकडाशीही फार बोलत नसे. मला वाटलं होतं देवाशिवाय जड जाईल, पण त्याचं काही वाटलं नाही. जड गेला तो रविवार. सगळं गाव कडक खळीच्या कपड्यांत निघून जायचं आणि मी ओटीवर कोंबड्यांबरोबर. चिंचेखाली गेलो तर बोलणं थांबायचं. कुणी वाईट बोलत नसे, फक्त ज्याच्या त्याला घरी काहीतरी काम आठवे. मिठागरांच्या बांधावरून मी पाय नेतील तिकडे चालत राहायचो. फिडल फडक्यात गुंडाळून काखेत असायचं, वाजवायला नव्हे, सवयीनं.

असाच एका रविवारी चालत चालत ठाण्यात टेंभी नाक्यापर्यंत आलो. तिथं एका पारशाचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान बंद, पण वरच्या माडीवरून बाजाच्या पेटीचा आवाज येत होता आणि त्याबरोबर सतार. दोन्ही एकमेकांशी भांडत होती. ते मला सहन होईना. जिना चढून दारात उभा राहिलो. सतार घेऊन बसलेले गृहस्थ आमच्या कोर्टाचे नाझर भास्करराव होते. नकलेत एक काना चुकला तर सबंध पान परत पाठवणारे. कचेरीत त्यांच्या वहाणांचा आवाज आला की आम्ही टाक बुडवायला घ्यायचो, शाई असो वा नसो.

"इनास, आज रविवार. चर्चला गेला नाहीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, रावसाहेब."

"का?"

घाबरलेल्या माणसाला थाप सुचत नाही. मी खरं तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. सतार कशी लागली आहे ते सांग."

"पंचम उतरलाय."

पेटीवरचा मेरवानजी, म्हणजे तो घड्याळवाला, मांडीवर थाप मारून म्हणाला, "एक महिना झाला, मी हेच बोलते. माझा कोण ऐकते?"

असा मी त्या मंडळीत बसलो. मंडळीला नाव नव्हतं, नियम नव्हते, वर्गणी नव्हती. भास्कररावांचा देवावर विश्वास नव्हता आणि तसं ते मुंज झालेल्या माणसाला न शोभेल इतक्या मोठ्यानं सांगत. मेरवानजीचं अग्यारीतल्या दस्तुरांशी काहीतरी बिनसलं होतं. कशावरून, ते तो दर वेळी वेगळं सांगे. ढोलकीवर धर्मा कोळी. हा चांगला देवभोळा, नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ देणारा. इथं कसा, असं मी त्याला विचारलं तर म्हणाला, "देव मानतो मी. पन रविवारी दुपारी त्याला माझं काय काम नसतं." आणि भास्कररावांची धाकटी बहीण काशीताई. तेराव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन केलेलं, अंगावर लाल अलवण. ती दाराशी भिंतीला टेकून बसे, वाती वळत. कुणासाठी वळते कोण जाणे, दुकानाच्या मागच्या आळीतल्या त्यांच्या घरात देवघर नव्हतं. हाताला सवय, ती म्हणे. वादात सगळ्यात अडचणीचा प्रश्न तिचाच असे.

पहिल्याच दिवशी तिनं पोहे आणले. चार वाट्या आणि एक द्रोण. द्रोण माझ्यासाठी हे मला लगेच कळलं आणि त्याचं काही वाटलंही नाही, जगाची रीतच होती. मी हात पुढे केला, तर काशीताईच थांबली. द्रोणाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"दादा, तू नास्तिक आहेस ना?"

"आहे."

"मग हा द्रोण कुणाला भिऊन आणलाय आपण?"

भास्करराव सतारीची खुंटी पिळू लागले. काशीताई खाली उतरून घरी गेली आणि पाचवी वाटी घेऊन आली. पुढच्या रविवारी धर्मानं सुकटीची चटणी आणली. भास्कररावांनी ती चाखली नाही, पण तिच्याकडे पाठही केली नाही. मी घरी आयला सांगितलं की मी रविवारी एका ब्राह्मणाच्या बहिणीच्या हातचं जेवतो. ती म्हणाली, "खोटं बोलू नको. देव गेला तो गेला, आता जीभ पन गेली काय?"

त्या माडीवर मी वर्षभर वाजवलं. आमचं वादन चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. फिडल आणि सतार ही सावत्र भावंडं आहेत आणि मेरवानजीची पेटी त्या दोघांची सासू होती. पण वाजवून झालं की तासभर गलका चाले. मिठाला दर काय, कोर्टात कोण हरलं, माणूस मेल्यावर काय होतं. हे तिन्ही विषय सारख्याच गंभीरपणे बोलले जात. मी घरी परत यायचो तो शीळ घालत.

मग रोझाचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, रेल्वेच्या कारखान्यात फिटर, हसरा. वऱ्हाड खाडीतून ओहोटीबरोबर मचव्यानं येणार होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीकडच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतात. बँड त्या पाण्याचा प्राण. आणि मास्तरांनी निरोप धाडला की ज्या घरातला मुलगा कुमसार टाळतो, त्या घरी बँड वाजणार नाही.

आय माझ्यापुढे हात जोडून बसली. "एकदा जाऊन ये. गुडघे टेक, दोन शब्द बोल. मनात काय हाय ते कोन बघतंय?"

तिच्या शेवटच्या वाक्यात माझंच मत होतं, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी खरंच जायला तयार झालो होतो. माडीवर विचारलं. भास्करराव म्हणाले, "मुळीच जाऊ नकोस, तत्त्वाचा प्रश्न आहे." मेरवानजी म्हणाला, "जा रे डिकरा. बहिणीच्या लग्नात तत्त्व काय वाजवणार?" दोघांची जुंपली. काशीताई वात वळता वळता म्हणाली, "लग्न कुणाचं आहे? तिला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. मी घरी येऊन रोझाला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती.

"खोटं बोलून आनलेला बँड मला नको," ती म्हणाली. मग कपड्याआडून डोकं काढून म्हणाली, "पन मुकी नवरी म्हनून मी नाय जानार. तू बघ काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी मी पाद्रीबाबांच्या घरी गेलो. देवळात नाही, घरी. त्यांना जसं होतं तसं सांगितलं. म्हातारे होते, दमा होता, बोलताना मध्ये मध्ये थांबत. "तुझ्या बहिणीचं लग्न मी लावीन," ते म्हणाले, "तिनं काही केलेलं नाही. बँड मास्तरांचा आहे, मी त्यांना हुकूम करणार नाही. तू चिठीसाठी आला असतास तर मी दिली असती, आणि मला फसवलंस हे मला कळलंही नसतं. ते मला आवडलं नसतं." आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी दोन पिकलेली केळी आणली. मला त्यांच्याविषयी अजून आदर आहे. विश्वास ठेवणाऱ्या माणसांत मी जितकी उमदी माणसं पाहिली, तितकीच न ठेवणाऱ्यांतही. दोन्हीकडे फार गर्दी नव्हती.

त्या रविवारी मी माडीवर सगळं सांगितलं. धर्मा म्हणाला, "मंग आपन कशाला हाव?"

भास्कररावांनी सतार खाली ठेवली. "अरे, मी वरातीत सतार कशी वाजवू? चालत?"

"बैलगाडीत बसा," धर्मा म्हणाला.

हे बोलणं चालू असतानाच जिन्यावर पावलं वाजली. वर आला तो बा. बाळकुमाहून चालत आलेला, खांद्यावर गोणपाट. माझ्या मागावर होता की रोझानं सांगितलं होतं, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. वहाणा बाहेर काढल्या, सगळ्यांना एक रामराम घातला आणि गोणपाटातून घुमट काढलं.

"वाजवा बघू," तो म्हणाला.

आम्ही वाजवलं. बानं ऐकलं. "हे बसून ऐकायचं हाय," तो म्हणाला. "याच्यावर बाई चालनार नाय. पाय उचलला पायजे." आणि त्यानं घुमटावर थाप मारली. पुढचे तीन रविवार माझा अबोल बाप कोर्टाच्या नाझरांना लग्नाची चाल शिकवत होता. "तसं नाय, रावसाहेब. लवकर. नवरी म्हातारी होल." भास्करराव घामाघूम. काशीताईनं वाती बाजूला ठेवून टाळ्यांनी ताल धरला होता. बानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाईला येतंय. तुमाला का येत नाय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना आमची गाडी निघाली. गाडीत मेरवानजी पेटी घेऊन, भास्करराव पगडी-उपरण्यात सतार कवटाळून. खाली मी, धर्मा आणि बा. पहिल्याच चढाला बैल पेटीच्या आवाजानं बुजला, गाडी तिरकी झाली आणि मेरवानजी पेटीसकट भास्कररावांच्या मांडीवर. तरी पेटी वाजतच होती. गाव दाराशी आलं होतं ते नापसंती दाखवायला. तिथंच हसू फुटलं, आणि हसलेल्या माणसाला परत घरात जाणं अवघड होतं. बायका मागे चालू लागल्या. मास्तर त्यांच्या ओटीवर पाठ करून बसले होते. आम्ही समोरून गेलो तेव्हा त्यांचा पाय हलत होता, असं रोझा शेवटपर्यंत सांगायची. मी ते पाहिलं नाही, म्हणून शपथेवर सांगणार नाही.

काशीताई आली होती, पण सगळ्यांच्या मागे, वीस पावलं अंतर ठेवून. मला कारण ठाऊक होतं. विधवेनं मंगलकार्यात समोर यायचं नाही, आणि तेराव्या वर्षापासून तिनं एकही लग्न जवळून पाहिलं नव्हतं. विहिरीवर बायकांनी कळशा भरायला घेतल्या. आयनं मागे वळून पाहिलं, गर्दीतून वाट काढत गेली आणि काशीताईला दंडाला धरून विहिरीपाशी घेऊन आली. माझी एक चुलती पुढे झाली. तिलाही रीत ठाऊक होती, आमच्या गावात सगळ्यांच्या रीती सगळ्यांना ठाऊक. "अगो, ती रांडाव बाई हाय," ती म्हणाली. "नवरीचं पानी हाय ह्ये."

"तिचा नवरा मेला तो तिनं नाय मारला," आय म्हणाली. "आनि माझं पोर वरीसभर तिच्या हातचं जेवतंय. धर गो बाय, कळशी धर."

काशीताईनं भावाकडे पाहिलं नाही. वाकून कळशी भरली आणि कडेवर घेतली. बाच्या थापेवर सगळ्या निघाल्या. ती माझ्या बाजूनं चालत होती. "केवढी जड असते रे ही," ती म्हणाली. मी घेऊ का विचारलं, तर तिनं कळशी दुसऱ्या कडेवर घेतली, माझ्यापासून लांब.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं तेव्हा मी देवळाच्या दाराबाहेर उभा होतो. मेरवानजी सोबतीला उभा राहिला. धर्मा मात्र सरळ आत जाऊन पुढच्या बाकावर हात जोडून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, छान देव आहे. संध्याकाळी भरती लागली, मचवा कल्याणच्या दिशेनं निघाला आणि रोझा वळणाआड जाईपर्यंत आम्ही किनाऱ्यावर वाजवत राहिलो. या सगळ्यानंतर भास्कररावांना त्यांच्या आळीतून श्राद्धपक्षाची आमंत्रणं यायची बंद झाली. ते म्हणाले, "इतकी वर्षं टाळायला कारण शोधत होतो, लोकांनीच दिलं." विनोदानं म्हणाले, पण काशीताईशी शेजारणी पाणवठ्यावर वर्षभर बोलल्या नाहीत, आणि तो विनोद नव्हता. तिनं पाणवठा बदलला. लग्नाचं बोलावणं मात्र तिनं नंतर कधी नाकारलं नाही. आमच्याकडची सगळी लग्नं ती जेवली, आणि प्रत्येकात कळशी उचलली.

मी पुन्हा देवळाच्या माडीवर गेलो नाही. चिंचेखाली मात्र हळूहळू बोलणं थांबेनासं झालं. कुणाच्या तरी मुलाचं लग्न निघे आणि ते हळूच विचारत, तुमची गाडी मोकळी आहे का.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारची एक गोष्ट सांगायची राहिली. आय-बा देवळातून आले. आयनं कपडेही न बदलता कढई ठेवली. मी फिडल फडक्यात गुंडाळत होतो. तिनं तळलेले फुगे एकेक करून केळीच्या पानात रचले, रचता रचता माझ्याकडे न बघता विचारलं,

"तुमच्या देवळात मानसं किती?"

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. "पाच," मी म्हणालो. "बा आला तर सहा."

तिनं आणखी चार फुगे टाकले, पानाला सुतळी बांधली, ते माझ्या हातात दिलं.

"मंग निघ आता," ती म्हणाली. "देवळाला उशीर करू नये मानसानं."